ओंबीची फरशी

एखादी गोष्ट थोडी करून थांबावं, हे माझ्या थोरल्या साडूंना जन्मात जमलेलं नाही. पेठला त्यांच्याकडे जायचं तर मी आधी मनाची तयारी करतो, आणि तरी दर वेळी दारातच हादरतो. एकदा त्यांनी फाटकासाठी निळा रंग आणला, तर फाटक, पाण्याची टाकी, बैलगाडी आणि कुत्र्याचं ताट, सगळंच निळं करून टाकलं. दारावरची बेल आवडली तशी गोठ्यालाही एक बसवली. "गोठ्यात बेल कशाला?" मी विचारलं. "आपुन आत येतोय ते म्हशीला कळाया नको व्हय?" ते म्हणाले. त्यावर म्हैसही काही बोलली नाही आणि मीही नाही.

असंच एकदा घरभर चकचकीत टाइल्स बसवून झाल्या. "पावणं, वाकून बघा, भांग पाडता येतोय!" पण त्याच टाइल्सवर अक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण अक्कांनी घरात पाऊल टाकायचंच सोडलं. पडवीत खाट, तिथंच जेवण. "आत न्यायचं नाव काढू नका, लई भ्या वाटतं," त्या म्हणायच्या. आपलं चुकलं असं म्हणणं, ही एकच गोष्ट साडू थोडीसुद्धा करत नाहीत.

यंदा संक्रांतीनंतर गेलो आणि उंबऱ्यातच थिजलो. बैठकीची खोली, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, एवढंच काय, बटाट्याची पोती ठेवायच्या खोलीतसुद्धा लाकडासारख्या पट्ट्यांची तिरप्या विणीची जमीन! हायब्रीड हेरिंगबोन म्हणतात म्हणे. पट्टीत पट्टी अडकवून जुन्या टाइल्सवरच बसते. नक्षी गव्हाच्या ओंबीसारखी, म्हणून साडूंनी तिचं बारसं 'ओंबीची फरशी' असं करून टाकलं होतं. मी बूट काढतो न काढतो तोच त्यांनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "पळा!" मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. "पळा वो पावणं, घसरत असंल तर आजच कळू द्या." या वयात, या वजनाचा मी, देवाचं नाव घेऊन धावलो. घसरलो नाही. "अगं, बघितलंस का?" साडू ओरडले. "ते पळालं," पडवीतून अक्का म्हणाल्या, "मी न्हाई."

आणि चैत्रात फरशी फुगली. बैठकीच्या मधोमध म्हशीच्या पाठीसारखा उंचवटा! बसवणाऱ्याने भिंतीलगत बोटभर फट मुद्दाम सोडली होती, उन्हात फरशीला पसरायला जागा असावी म्हणून. साडू वाढले शेणामातीच्या घरात. जमीन आणि भिंत यांच्यात फट दिसली की ती लिंपायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक. मुंग्या शिरतील म्हणून त्यांनी घरभरची फट पांढऱ्या सिमेंटने ठासून बुजवली होती. मी पोचलो तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले होते.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ते भिंतीकडेने सिमेंट कोरू लागले. मी वाकलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माजंच काम हाय." फट मोकळी होत गेली तसा उंचवटा हळूहळू खाली टेकला. अक्का वॉकर धरून पडवीच्या दारातून बघत होत्या.

"अवं, त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय."

"कुटं?"

"त्यो काय, कपाटापाशी."

"मला न्हाई दिसत."

"डोळं हायेत का बटाटं?" असं म्हणत अक्का वॉकर दारातच सोडून आत आल्या, कोपऱ्यापाशी गेल्या, बोट दाखवलं, आणि आपण कुठे उभ्या आहोत ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

साडूंनी मान वर केली नाही. त्या कोपऱ्यातलं सिमेंट निघालं तरी ते तिथंच कोरत राहिले.

"आजून कुटं ऱ्हायलंय," ते हळूच म्हणाले, "दाखीव की."