चंद्रीची भवई

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारासिवनीला भाच्याच्या दुकानात बसलो होतो. खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता तो माणूस येणार. हार घेऊन येणार, माईकसमोर गळा दाटवणार आणि आमच्या शालिकभाऊंना 'हौशी अभ्यासक' म्हणून दोन वाक्यांत उरकणार. रडू नंतर आलं, बालाघाटच्या बसमध्ये, आणि त्यातही अर्धा राग होता.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एका मोठ्या शहरात ते भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचं नाव त्यांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठळक छापलेलं आहे, तेवढी प्रसिद्धी त्यांना पुष्कळ झाली.

शालिकभाऊंनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत ते मजुरांची हजेरी घ्यायचे. चहूकडून माणसं कामाला यायची, आणि हजेरी लावता लावता हा गृहस्थ एकेकाला विचारायचा, "डोयाच्या वरच्या केसाले तुमच्याकडे काय म्हनता?" लोक आधी हसायचे, मग सांगायचे. कोणी भौंह, कोणी भवई, कोणी भिवई. सगळं अंग सोडून भुवईच का, असं मी एकदा विचारलं. मी तेव्हा उकव्याच्या शाळेत मास्तर होतो आणि आमचं जाणंयेणं रोजचं होतं. ते म्हणाले, "गुरुजी, नाक-डोये तं सारेच पायते. भवईकडे कोनी पाहत नाही, म्हनून तिचं नाव कोनी बदलवलं नाही." किरनापूरचा एक म्हातारा शिंपी उर्दू जाणत होता, त्याने फारसीतला 'अबरू' दिला. पोस्टाने मागवलेल्या शब्दकोशांतून इंग्रजीतला 'ब्राऊ' निघाला, रशियनमधला 'ब्रोव्ह' निघाला, ग्रीकमधला 'ओफ्रूस' निघाला. आणि या सगळ्यांच्या शेजारी आपला संस्कृतातला 'भ्रू'. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेली ही भावंडं उकव्याच्या पत्र्याच्या खोलीत पुन्हा एकत्र बसली होती. लॅटिन भाषेने हा शब्द टाकून दिला हे कळलं तेव्हा दोन दिवस त्यांचा चेहरा जवळच्या सोयऱ्याने संबंध तोडल्यासारखा होता. गोंडीतले शब्दही ते लिहून घ्यायचे, पण ती द्राविडी घरची म्हणून वेगळ्या कप्प्यात. शेजाऱ्याचं नाव आपल्या वंशावळीत घुसडू नये, म्हणायचे.

हे सगळं ते खाणीतल्या रद्द झालेल्या हजेरी-कार्डांवर लिहीत. पुढच्या बाजूला शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि वर ज्याच्या भुवईबद्दल बोलणं झालं त्याचं नाव. बोलणाऱ्याचं नाव आणि गाव मात्र मागच्या बाजूला. हा उलटा कारभार कशाला, असं मी म्हणालो तर त्यांचं उत्तर तयार होतं. "शब्द आधी पाहून घ्यावा. मंग कार्ड पलटवून त्याच्या मालकाले राम राम करावा." वीस वर्षांत लाकडी पेटी भरली.

ती पेटी प्राध्यापकांकडे मी नेऊन दिली. मीच. एका शिबिरात त्यांची ओळख झाली होती, माणूस गोड बोलणारा, आणि शालिकभाऊंचं काम एखाद्या शिकलेल्या माणसाने पाहावं असं मला मनापासून वाटत होतं. शालिकभाऊंनी पेटी देताना एवढंच विचारलं, "नाव टाकतील ना?" मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. तीन वर्षांनी पेटी परत आली. चार महिन्यांनी माझ्या पत्त्यावर पुस्तक आलं. त्यात भुवई होती, फारसी होती, ग्रीक होती, किरनापूरचा शिंपीसुद्धा होता. शालिकराम हे नाव कुठेच नव्हतं... मी शोधून शोधून डोळे दुखवून घेतले.

पण चोराला पेटीची रीत कोण सांगणार? महाशयांनी कार्डं उलटून पाहिलीच नव्हती. वरचं नाव बोलणाऱ्याचं, असं धरून ते मोकळे झाले. पुस्तकात एक परिच्छेद आहे, तो मला तोंडपाठ आहे. उकव्याच्या चंद्रीबाई या वयोवृद्ध स्त्रीने 'भवई' हा शब्द त्यांना कसा सांगितला, तिचा चेहरा किती मायाळू होता, तिने आग्रहाने दूध कसं पाजलं, असं सगळं त्यात आहे. तो वाचला त्या दिवशी मी ठरवलं, हे जपून ठेवायचं.

तेराव्यानंतर बालाघाटला, शालिकभाऊंच्या वॉर्डातल्या सभागृहात शोकसभा झाली. ते आले. हारही आणला. गळाही दाटला. 'हौशी अभ्यासक' हे शब्द आले तेव्हा मी उठलो, पुस्तक उघडलं आणि तो परिच्छेद सावकाश वाचून दाखवला. मग अगदी नम्रपणे विचारलं, "सर, चंद्रीबाईंना तुम्ही स्वतः भेटलात?"

"अर्थात," ते म्हणाले. "फार प्रेमळ बाई. आता हयात आहेत की नाही, कोण जाणे."

बायकांच्या रांगेतून सुमनवहिनी, शालिकभाऊंच्या पत्नी, बसल्या जागेवरून बोलल्या. "मरून पंधरा वर्सं झाली तिले. चंद्री आमची म्हैस होती."

कोणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळी सभाच हसली. शोकसभेत हसू नये हे मलाही कळतं. मी मात्र पोटभर हसलो, आणि प्राध्यापकांच्या भुवया कपाळावर चढलेल्या डोळे भरून पाहून घेतल्या. ते चहाला थांबले नाहीत. चंद्रीचं कार्ड मी पेटीतून काढून खिशात आणलं होतं, ते बाहेर काढलं, उलटलं आणि मागचं वाचलं: 'सुमन, उकवा.' घरची म्हैस म्हातारी झाली, तिची भवई पांढरी पडली, असं वहिनी गोठ्यात सहज बोलल्या होत्या, आणि नवऱ्याने ते टिपून घेतलं होतं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, फिटलं सगळं.

दुसऱ्या दिवशी, सभेसाठी मागून आणलेली पेटी परत ठेवायला वहिनींकडे गेलो. शालिकभाऊंच्या टेबलावर पुस्तक ठेवलं तर वहिनींनी विचारलं, "हे पुस्तक तुमच्याकडे कवापासून आहे, भाऊजी?"

"नऊ वर्षं झाली."

"मंग त्याईले काहून नाही दाखवलं? ते तं अखेरपर्यंत विचारत होते, छापून आलं का म्हनून."

मी पुस्तक उघडलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि आभाराचं पान त्यांना वाचून दाखवलं. 'ही सामग्री मिळवून देणारे बालाघाटचे विद्वान मित्र' म्हणून त्या पानावर एक नाव छापलेलं आहे. ते माझं आहे. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता हे खरं. पण त्याच्याही आधी, घटकाभर का होईना, बरं वाटलं होतं. त्या घटकाभरापायी मी नऊ वर्षं पुस्तक कपाटात कुलपाआड ठेवलं.

वहिनींनी पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. आवाज चढवला नाही.

"काल सभेत हे पान बी वाचाले पायजे होतं," त्या म्हणाल्या.

काल वाचलं नाही, म्हणून आज इथे लिहितो आहे.