बोटीचा नंबर

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या म्हणजे मुरुडच्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बारावीनंतर बाबा मला मासेमारीच्या बोटीवर घेणार हे ठरलेलंच होतं. बाई दोनदा आमच्या ओटीवर येऊन बसल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा कॉलेजचा फॉर्म भरूनच आणला होता, फक्त बाबांच्या सहीची जागा मोकळी ठेवली होती.

पण त्यांची आठवण निघाली की मला आधी दिसते ती प्रयोगवही. अकरावीत लंबकाच्या प्रयोगात माझं एक रीडिंग चुकलं. मी ते ब्लेडने खरवडून वर दुसरा आकडा लिहिला. बाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि वही परत दिली. म्हणाल्या, "खरवडायचं नाही. एक रेघ मार, शेजारी बरोबर आकडा लिही. चूक वाचता आली पाहिजे."

गेल्या वर्षी मला न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात नेटवर्कचं काम मिळालं. सहा महिने परीक्षेचे, मग साहेब शेरा देणार आणि नोकरी पक्की होणार. शेऱ्याला आठवडा उरला असताना साहेबांनी यार्डाचं वायफाय माझ्यावर सोपवलं. तिथे खांबांवर आणि गोदामाच्या छताखाली अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पांढऱ्या पेट्या आहेत. कोणता कंटेनर कुठे ठेवला, कोणता बाहेर गेला हे नोंदवणारे हातातले स्कॅनर त्यांच्यावरच चालतात. पेट्या बसवणाऱ्याने सगळी सेटिंग कारखान्यातून आली तशीच ठेवली होती.

चार दिवस मी त्यातच होतो. माहिती कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन नवं केलं. बटण दाबून कोणीही जोडला जाईल ती सोय बंद केली. बाहेरून येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं, म्हणजे त्यांचा मोबाइल आमच्या स्कॅनरपर्यंत पोचू नये. सेटिंगचं पान यार्डाबाहेरून उघडणार नाही असंही केलं. शेवटी राहिला त्या पानाचाच पासवर्ड. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं.

मी बाबांच्या बोटीचा नंबर घातला.

आमच्याकडे काहीही नवं आलं की त्याचा पहिला नारळ बोटीला. माझा निकाल लागला तेव्हाही पेढे आधी बोटीच्या नाळीवर, पुढच्या टोकाशी, ठेवले होते. माझं पहिलं मोठं काम तिच्या नंबराने बंद करावं, असं मला मनापासून वाटलं. साहेबांच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ होती: पासवर्डमध्ये स्वतःचं नाव, जन्मतारीख, घरच्या गाडीचा नंबर नाही ना? मी 'नाही' लिहून सही केली. बोट म्हणजे गाडी नव्हे, असा विचार मी खरोखरच केला होता.

शनिवारी दुपारी मुरुडला घरी निघायच्या तयारीत होतो. माझ्या टेबलावर बाबांचा बोटीजवळ उभा असलेला फोटो असतो. शेजारच्या टेबलावरचा, ट्रकांची पाळी लावणारा उरणकडचा सहकारी तो उचलून बघत होता. त्याने बोटीवरचा नंबर अक्षर अन् आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "काय रे, एवढा मोठा नंबर? आमच्या डंपरला पण न्हाय." दोघं-तिघं हसले. मीही हसलो. मग लक्षात आलं, त्याने माझा पासवर्डच मोठ्याने वाचला होता.

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण तोच नंबर माझ्या मोबाइलवरच्या प्रोफाइल फोटोतही होता, जो ऑफिसातल्या सगळ्यांना दिसतो. पासवर्ड तेव्हाच बदलायला हवा होता. पण साहेब जवळच उभे होते, आणि त्यांनी आताच का बदलतोस असं विचारलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी बॅग उचलली.

करंज्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये मी बसलोच नाही. या कठड्याकडून त्या कठड्याकडे जात राहिलो. एक मावशी म्हणाल्या, टोपलीवर पाय पडेल, एका जागी उभा राहा. अलिबागहून मुरुडच्या एसटीत तीनदा मोबाइल काढून सेटिंगचं पान उघडतंय का पाहिलं. उघडणार कसं? ते दार मीच बंद केलं होतं. पाळीवरच्या कोणाला फोन करून बदलायला सांगावं, तर आधी त्याला पासवर्ड सांगावा लागणार.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो. बोट रेतीवर ओढलेली होती आणि बाबा तोच नंबर पांढऱ्या रंगाने पुन्हा काढत होते. बाबांची शाळा दुसरीत सुटली, पण हे आकडे ते छापल्यासारखे काढतात. मी शाळेत जायच्या आधी आकडे शिकलो ते त्यांच्या ब्रशामागून. मी सहज विचारावं तसं विचारलं, जरा लहान काढले तर चालणार नाही का?

"लहान कशाला? लांबून वाचता याया पायजे," ते म्हणाले. "नंबर दिसला न्हाय तर गस्तवाले पयली आपलीच बोट धरतील. लपवाया काय चोरीची हाय?"

त्यात मला टोमणा नव्हता. त्यांना काही माहीतच नव्हतं. पण मग मला तिथे थांबवेना. आई कोलंबीचं कालवण करत होती, ते टाकून दुपारच्या गाडीने निघालो. बाबा म्हणाले, आला काय नि चालला काय, भरतीचं पाणी हाय का तू.

संध्याकाळी यार्डात पोचलो आणि उभ्याउभ्याच पासवर्ड बदलला, कशाशी संबंध नसलेली लांब ओळ. मग नोंदी तपासल्या. बोटीचा नंबर घातला त्या शुक्रवारपासून सेटिंगच्या पानात माझ्याशिवाय कोणी आलं नव्हतं. काही बिघडलं नव्हतं. कागदावर माझी सही होती आणि ती आता खरीही झाली होती. कोणाला कळणार नव्हतं.

भाड्याच्या खोलीवर जाऊन झोपावं, तर तेही जमेना. खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. तो कागद मला खरवडलेल्या पानासारखा दिसत होता.

सोमवारी साहेब आले तेव्हा मी तो कागद फायलीतून काढला, 'नाही' या शब्दावर एक रेघ मारली, शेजारी लिहिलं: 'होता. रविवारी बदलला.' खाली सही केली आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. "गप बसला असतास तर मला कळलं पण नसतं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी नोंदी स्वतः पुन्हा पाहिल्या आणि शेरा लिहिला. त्याच रात्री मी बाईंना पत्र लिहिलं. निवृत्तीनंतर त्या किहीमला राहतात आणि फोनवर फार बोलत नाहीत.

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

माझी नोकरी या महिन्यात पक्की होणार असं मी तुम्हाला कळवलं होतं. ती झाली नाही. परीक्षेचा काळ तीन महिन्यांनी वाढला आहे. चूक माझीच होती. तपासणीच्या कागदावर मी खरं नव्हतं ते लिहिलं होतं. मग एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहिलं. खरवडलं नाही.

साहेब रागावले, पण वायफायचं काम माझ्याकडेच ठेवलं आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सांगणार आहे. त्यांना पासवर्ड म्हणजे काय हे आधी समजावावं लागेल, आणि तुम्ही जवळ असतात तर बरं झालं असतं असं वाटतं.

फॉर्मवर बाबांनी सही केली त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे चहा न घेता गेलात, हे आई अजून बोलून दाखवते. दिवाळीला आलात तर तिचं समाधान होईल.

तुमचा विद्यार्थी