खांद्यावरची शाल

शाल उन्हात टाकताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा तापलं. निपाणीजवळच्या एका गावात साहित्य संमेलन होतं. मांडवात मठ्ठ्याचा वास दरवळत होता आणि मी माझी पहिली कथा वाचत होतो. पुण्याहून आलेले समीक्षक काय काय चुका काढतील या धास्तीनं मी जेवलोसुद्धा नव्हतो. त्यांनी ही शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "सीमाभागात राहून मराठीत लिहिता, हेच खूप आहे." कथेबद्दल एक अक्षर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जणू बैलानं सायकल चालवून दाखवली होती. परतीच्या बसमध्ये मी धुमसत बसलो होतो, तर शेजारी बसलेली माझी थोरली बहीण म्हणाली, "म्हातारी आंधळी हाय म्हनतोस, मग शेवटी लेकीच्या साडीचा रंग कसा वळखती रं?" "आक्का, निदान तू तरी गप बस." "का म्हनून? लई मन लावून ऐकलंय मी." शाल मी एकदाही पांघरलेली नाही. कथेतली म्हातारी मात्र आता साडीचा काठ चाचपून लेकीला ओळखते.