नाकेदाराचा विळा

जंगल सत्याग्रहाच्या वर्षी, पोळा तोंडावर आला असताना, मेहकरच्या कोर्टात सदाशिव मास्तरांनी एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. त्या उत्तराने माझ्या वडिलांची नोकरी गेली.

वडील जानेफळकडच्या राखीव जंगलाचे नाकेदार, म्हणजे सरकारी राखणदार होते. मास्तर गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, विधुर. वडील त्यांच्याच हाताखाली शिकलेले. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या उतारावरचं सरकारी गवत कापणार, हे मास्तरांनी रेंजरला आधी लिहून कळवलं. ती चिठ्ठीही वडिलांच्याच हाती पाठवली. "सांगून कापलं तं सत्याग्रह, लपून कापलं तं चोरी," असं ते प्रत्येकाला ऐकवत. गावात या वाक्याची टिंगल होत असे.

ठरल्या वेळी मास्तर हजर होते. रेंजर आणि पोलीस पोहोचले नव्हते. पहिल्याच पेंढीला मास्तरांच्या विळ्याची मूठ निखळली, तेव्हा ते हातांनी गवत उपटू लागले. तळहात चिरले. वडिलांनी कमरेचा विळा काढून त्यांच्यापुढे ठेवला. अर्ध्या तासाने साहेब आले, तेव्हा वडिलांनीच मास्तरांना धरलं आणि विळा जप्तीत दिला.

विळा कोणाचा, हे कोर्टात मॅजिस्ट्रेटने कागदावरून मान वर न करता विचारलं. मास्तरांनी साक्षीला आलेल्या वडिलांकडे पाहिलं आणि त्यांचं नाव सांगितलं. मास्तरांना चार महिने सजा झाली. वडील बडतर्फ झाले आणि लोकांच्या शेतात मजुरीला जाऊ लागले.

सुटून आल्यावर मास्तर आमच्या ओट्यावर आले. आई दारात उभी राहिली. खोटं बोला असं कोणी म्हणत नव्हतं, हे तिने आधी कबूल केलं.

"पण मास्तर, तुमाले चूप राह्यता येत नव्हतं काय?"

"लपवलं असतं तं माहं सारं गवत चोरीचं झालं असतं, बाई."

"गवत तुमचं. विळा आमचा होता. चुकलो म्हना."

मास्तर तसं म्हणाले नाहीत. खरं बोलल्याची माफी कशी मागू, एवढंच त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून आईने त्यांना पाणी दिलं नाही. मास्तर रोज सकाळी ओट्यावर येऊन बसत, वडिलांबरोबर शेतात जात, शेजारची ओळ धरत आणि मजुरी घेत नसत. पाण्याचा तांब्या घरून आणत. एकदा ते वडिलांना म्हणाले, "बाई माह्याच शाळेत शिकल्यावानी असहकार करून राह्यली."

आईने आतून ऐकलं. "शिकवलं तं भोगा," ती म्हणाली.

वडिलांनी एकदा तिला हे सोडून द्यायला सांगितलं. मास्तरांच्या तोंडून एक शब्द आणा, मग सोडते, असं तिने उत्तर दिलं. वडिलांनी मास्तरांपाशी तो विषय काढला नाही.

सहाव्या वर्षी, ज्वारीच्या सोंगणीत, मास्तर तापाने गेले. वडिलांनी खांदा दिला. आई गेली नाही. मास्तरांचा तांब्या आमच्या ओट्यावर राहिला होता. तिसऱ्या दिवशी आईने तो राखेने घासला आणि त्यांच्या बंद घराच्या उंबऱ्यावर पालथा ठेवून आली.