जागा मोकळी करण्याची सोय

शेजारच्या टेबलावरच्या मेघनाच्या स्क्रीनवर आज दुपारी कर्नेलची ती जुनीच कुरकुर उमटली. कॉम्प्युटरच्या बसला, म्हणजे आतल्या जोडमार्गाला, जोडलेलं प्रत्येक उपकरण कर्नेलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, नोंदवावं लागतं. पण नुसतं नाव देऊन भागत नाही. उद्या ते काढलं तर त्याची मेमरीतली जागा कशी मोकळी करायची, हे सांगणारं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडाही नोंदवतानाच लिहून द्यावा लागतो. मेघना नेमकं तेच विसरली होती.

"सर, एक रिकामं फंक्शन टाकून देते. कर्नेल निदान गप्प तरी बसेल."

"नको गं. गप्प बसेल, पण जागा मोकळी होणार नाही."

हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय, की आता बोलतानाच थकायला होतं.

तिनं मुकाट्यानं लिहायला घेतलं. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. नोकरीला लागलो तेव्हा माझं नाव, पत्ता, शिक्षण सगळं लिहून घेतलं होतं. या खुर्चीतून उठणार कसा, ते कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. सकाळी डबा भरताना बायकोनं विचारलं, "घरी बसून करणार काय हो तुम्ही?"

"बघू," म्हणालो.

ती गप्प बसली.