चौकच्या रॉबर्टने बसवलेला टर्बो

भाईंदरच्या एका पोराने चौकच्या रॉबर्टचं नाव खराब केलं, तेही समोर येऊन न बोलता, नुसतं लिहून. ही गोष्ट आठवली की अजून माझ्या अंगाची आग होते. म्हणून ती सांगायची आहे, आणि सावकाश सांगायची आहे.

मी भाईंदरजवळच्या मुर्धा गावचा. आमच्या मिठागरांवर भराव पडला, मीठ पिकवायच्या कोंड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. तेव्हापासून बस पकडून उत्तनजवळच्या चौक कोळीवाड्यात जायचं आणि रॉबर्टच्या शेडमध्ये लाकडी खोक्यावर बसायचं, हा माझा नेम. शेड पत्र्याची. पुढे बोंबील वाळत घातलेले, मागे दर्या, आणि मधे बोटींची इंजिनं पोट उघडून पडलेली. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि कुठला व्हॉल्व्ह आजारी आहे ते सांगायचा. वैद्य नाडी बघतो तसं. मी त्याला चुकलेलं पाहिलं नव्हतं.

चौकच्या बंदरावर एक रीत होती. ज्याने इंजिन उघडलं, त्याने पहिल्या फेरीला त्या बोटीवर बसायचं. इंजिन दर्यात बंद पडलं तर उघडणाराही तिथेच अडकला पाहिजे, असा तो सरळ हिशेब. रॉबर्ट तीस वर्षं असा बसत आला. दशरथ नाखवाच्या बोटीचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन तर पंधरा पावसाळे त्याच्याच हातून उघडलं गेलं, दुसऱ्या कुणाचा पाना त्याला लागला नाही. बंदरावर रॉबर्टची सगळी इस्टेट म्हणजे एवढीच: लोक त्याच्या हातचं इंजिन घेऊन निर्धास्त दर्यात जायचे.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये त्या शेडसमोर एक लाल गाडी येऊन थांबली. जुनी होंडा सिटी, व्हीटेक. पळायच्या बाबतीत त्या वेळी तिचं मोठं नाव होतं. चालवणारा जितेंद्र, भाईंदर पश्चिमेला राहणारा. आईवडील मुंबईतल्या चाळीतून इकडे फ्लॅट घेऊन आलेले, हा मालाडला कॉल सेंटरला. त्याच्या कंपनीतल्या मेल्रॉयने, आमच्या उत्तनच्याच पोराने, त्याला रॉबर्टचा पत्ता दिला होता. गाडीच्या डिकीत एक खोका होता. त्यात टर्बोचा किट, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवायचं सामान. इंटरनेटवर शोधून परदेशातून मागवलेला, नावाजलेल्या किटच्या पाव किमतीतला. शहरातल्या तीन गॅरेजवाल्यांनी खोका उघडून बघितला आणि परत बंद केला. मोठ्या गॅरेजांनी नाकारलेलं काम कोळीवाड्यात आलं, कारण बोटीच्या टर्बोवर हात बसलेला माणूस इथे होता.

रॉबर्टने खोक्यातला एकेक भाग गोणपाटावर मांडला. बोल्ट इतके मऊ की पान्याखाली लोण्यासारखे वळत होते. गॅस्केट पापडासारखी. जिथे टर्बो बसायचा तो ओतीव तुकडा सपाट नव्हता, काचेवर ठेवला की डुगडुगायचा. टर्बोतून तेल खाली उतरायचा पाइप करंगळीएवढा. सोबत एक कागद होता, त्यावर चार चित्रं आणि किती हॉर्सपॉवर वाढेल याचा मोठा आकडा. बाकी काही नाही.

रॉबर्टने जितेंद्रला सांगून बघितलं की हे वापस कर. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही बिनधास्त लावा ना. बोटीला लावता, मग गाडीला काय प्रॉब्लेम?"

मग रॉबर्टने तो लावला, पण स्वतःच्या पद्धतीने. काचेवर निळी शाई फासून, कानशीने घासून घासून, दोन दिवसांत तो ओतीव तुकडा तळहातासारखा सपाट केला. बोल्ट बदलले. गॅस्केट तांब्याच्या पत्र्याची कापली. करंगळीएवढा पाइप फेकून अंगठ्यापेक्षा जाड पाइप उताराने बसवला. त्याचं म्हणणं असं की तेल वर चढवायला पंप असतो, खाली यायला फक्त उतार असतो. जोर कागदावरच्या आकड्याच्या निम्म्यावरच बांधला, आणि जितेंद्र कुरकुरला तेव्हा त्याला सांगितलं की इंजिन तुझं आहे, पण आवाज मला ऐकू येतो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी रीतीप्रमाणे रॉबर्ट पहिल्या फेरीला गाडीत बसला. गोराईच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर गाडीने शीळ घातली आणि सुटली. परत येताना पुढे बस लागली, मग बकऱ्या, मग माशांच्या टोपल्या. गाडी चालत चालत शेडपर्यंत आली. रॉबर्टने कान लावला. सगळं ठीक होतं. पोरगा खूश होऊन गेला.

पाच आठवडे गेले. मे संपत आला होता. एका दुपारी रॉबर्टची कॉलेजात जाणारी मुलगी जॉयस सुट्टीतल्या क्लासातून आली ती दप्तर न ठेवता सरळ शेडमध्ये. तिच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेला कागद. गाड्यांच्या शौकिनांची इंटरनेटवर एक जागा होती, तिथे जितेंद्रने लिहिलं होतं. इंग्रजीत होतं, जॉयसने मराठीत सांगितलं. हायवेवर गाडीने निळ्या धुराचा लोट सोडला आणि टर्बो जाम झाला. उत्तनजवळच्या एका मच्छीवाल्या मेकॅनिकने फिटिंगची वाट लावली. स्वस्तातलं गॅरेज शोधाल तर असं होईल. खाली रॉबर्टचं नाव, शेडचा फोटो. त्याखाली पस्तीस जणांनी आपापली अक्कल पाजळली होती. एकाने लिहिलं होतं की त्या गाडीत आता सुरमई ठेवा.

स्वस्त किट कुणी मागवला? तीन गॅरेजांनी नाकारलेलं काम गळ्यात कुणी टाकलं? आणि ज्या टर्बोबद्दल हे सगळं लिहिलं तो कुणी उघडून तरी बघितला होता का? नव्हता. भाईंदरच्या कुठल्याशा गॅरेजवाल्याने बॉनेट वर केलं, बोटवाल्याचं काम आहे म्हणाला आणि बॉनेट खाली टाकलं. एवढ्यावर एका माणसाची तीस वर्षं निकालात काढली. माझं रक्त उकळत होतं. रॉबर्टने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, बस.

पण कागद एकटा राहत नाही. मेल्रॉयने बातमी बंदरावर आणली. बोटी किनाऱ्यावर ओढायचे दिवस आले होते, इंजिनं उघडायचा हंगाम. दशरथ नाखवा शेडसमोरून दोनदा गेला, आत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने निरोप धाडला की यंदा इंजिनाचं जरा नंतर बघू. पंधरा पावसाळ्यांत "नंतर" हा शब्द आला नव्हता. त्या रात्री रॉबर्ट जेवला नाही, असं त्याच्या बायकोने, सेलीनने, मला सांगितलं.

रविवारी सकाळी रॉबर्टने पान्यांची पिशवी उचलली. मी सोबत निघालो. भाईंदर पश्चिमेला जितेंद्रच्या सोसायटीत गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. जितेंद्र खाली आला, त्याचे दोन मित्रही आले. वॉचमन खुर्ची ओढून बसला. रॉबर्ट म्हणाला, फक्त उघडतो, तुझ्यासमोर. मग दीड तास त्याचे पाने चालले.

आधी त्याने सपाट केलेली बाजू दाखवली. ती जशीच्या तशी, कुठे काजळीची रेघ नाही. मग जाड पाइप काढून त्यातून तेल ओतलं, ते धारेने खाली उतरलं. फिटिंग निर्दोष होतं, आणि ते बघणाऱ्या चार माणसांना कळलं. मग त्याने टर्बोचा मधला भाग खोलला. आत दांडा जिथे फिरतो तिथे काळा थर होता, करपलेल्या दुधाच्या टोपाला असतो तसा. रॉबर्टने तो नखाने खरवडला, वास घेतला आणि उकिडवा बसून राहिला.

"गाडी पळवल्यावर थांबतोस कुठे?" त्याने विचारलं.

"घोडबंदरला. टपरीवर चहाला."

"आणि चावी?"

"चावी काय, काढतो."

रॉबर्टने मान खाली घातली. मला मात्र सगळं समजलं, इतकी वर्षं खोक्यावर फुकट बसलो नव्हतो. गाडी तुफान पळते तेव्हा टर्बो निखाऱ्यासारखा तापतो. इंजिन चालू असेतो तेल येतं, जातं, ताप घेऊन जातं. चावी काढली की तेल जागच्या जागी थांबतं आणि करपतं. पळवल्यावर दोन मिनिटं इंजिन तसंच हळू चालू ठेवावं लागतं. ह्या पोराने ते एकदाही केलं नव्हतं. चोर सापडला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रॉबर्टने हात वर केला.

"हे मी तुला सांगायला पायजे होतं," तो म्हणाला. "बोट बंदराला येते तेव्हा खडकांतून हळूहळू येते, टर्बो आपोआप थंड होतो. तीस वर्षांत कुणाला सांगायची पाळी आली न्हाय, म्हणून तुलाही सांगितलं न्हाय. पहिल्या फेरीलाही बस आडवी आली, गाडी हळूहळूच आली, म्हणून माझ्या ध्यानात आलं न्हाय. ही चूक माझी. पण न उघडता लिहिलंस, आणि मच्छीवाला म्हणून लिहिलंस, ती तुझी. मी माझी सगळ्यांसमोर बोललो. तू तुझी चूक, जिथे ते लिहिलंस त्याच जागेवर लिही."

जितेंद्र चपलेने फरशी घासत राहिला. शेवटी म्हणाला, "लिहितो, अंकल."

परत येताना बसमध्ये मी रॉबर्टशी भांडलो. किटच्या कागदावर ते छापलेलं नव्हतं, पोराने विचारलं नव्हतं, मग ह्याने कशाला ओढवून घ्यायचं? वर कहर म्हणजे चौकला उतरल्यावर तो घरी न जाता तडक बंदरावर गेला. तिथे दशरथ नाखवा चार जणांत जाळं विणत बसला होता. रॉबर्टने उभ्याउभ्या त्यालाही सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. मला वाटलं, संपलं आता.

नाखव्याने सुई थांबवली. "गाडीवाल्याला दोन मिन्टं सांगतोस," तो म्हणाला, "आमाला पंधरा वर्षांत कंदी सांगितलं न्हायस."

"तुमाला दर्याच सांगतो," रॉबर्ट म्हणाला.

जाळ्यावरची माणसं हसली. नाखवाही हसला आणि म्हणाला की उद्या सकाळी ये, गंजलेले नट तुझी वाट बघतायत.

जुलैत जितेंद्रने टर्बोचा मधला भाग नवा आणला, रॉबर्टने तो बसवला आणि पुन्हा पहिल्या फेरीला बसला. नारळी पौर्णिमेनंतर नाखव्याच्या बोटीवरही बसला. संध्याकाळी ती बोट खडकांमधून गोगलगाईसारखी आत येत होती तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो, आणि इंजिनाचा संथ ठोका मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

जॉयस दर आठवड्याला कॅफेत जाऊन बघायची. ऑगस्टच्या शेवटी जितेंद्रने लिहिलं. एकच ओळ. गाडी पुन्हा चालू झाली, सर्वांचे आभार. वरचं सगळं तसंच, मच्छीवाला तसाच, सुरमई तशीच.

दिवाळीच्या आधी मी भाईंदरला बाजाराला गेलो होतो. सोसायटीच्या गेटाशी ती लाल गाडी उभी दिसली. इंजिन चालू, आत जितेंद्र हाताची घडी घालून बसलेला. वॉचमन काच ठोकून सांगत होता की साहेब, बंद करा, वरचे लोक धुराची तक्रार करतात. जितेंद्रने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हाताने थांब म्हटलं. पुरती दोन मिनिटं झाल्यावर त्याने चावी फिरवली.

मी हे रॉबर्टला सांगितलं. तो एका पिस्टनला तेल चोळत होता. "मग झालं की," तो म्हणाला.

त्याचं झालं असेल. तो कागद त्याने टाकून दिला, तो मी उचलून आणला. अजून माझ्या पेटीत आहे, त्यावर मच्छीवाला असं लिहिलेलं आहे, आणि माझं मात्र झालेलं नाही.