शोभाताईच्या वहीतले पन्नास रुपये

म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बाया पांढुर्ण्यात पुष्कळ आहेत, पण शोभाताईसारखी दुसरी दाखवा! सावरगावहून पूल ओलांडून सकाळी आठाच्या ठोक्याला ती रजनीबाईंच्या दारात हजर. रजनीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे गेलेले, नजर अधू. पेन्शन त्यांची, पण हिशेब तपासायची नागपूरची लेक ऋतुजा.

शोभाताईच्या कमरेला दोन बटवे, एक आपला, एक बाईंचा. आपला रिकामा असला तर ती पायी घरी जाईल, पण बाईंच्या बटव्यातून दहा रुपये उसने घेणार नाही. भाजीवाली काही बिल देत नाही. म्हणून बाजारातून आल्या आल्या वहीत लिहायचं नि बाईंना वाचून दाखवायचं.

त्या वहीत दर आठवड्याला एक ओळ असे : ‘बाईंचा खर्च, पन्नास.’

ते पन्नास पानठेल्यावरच्या दोन मीठा पानांचे. बाजाराच्या दिवशी बाई ऑटोत बसून मजेत पान चघळत. तीस वर्षं पोरींना सुपारी थुंकायला लावणारी मास्तरीण ती! लाजेपायी तिनं शोभाताईला शपथ घातली होती, कोणाला सांगू नको.

“मेथी-पालकाच्या हिशेबात घाल न ते पन्नास,” वहीतली ओळ पाहून शेजारची उर्वशी म्हणाली होती.

“खोटं लिहू? मंग बाकीच्या वहीवर कोन इस्वास ठेवन?”

दिवाळीत ऋतुजानं ती ओळ पकडली. अंगणात उभी राहून ओरडली, “कसला खर्च? आईला दिसत नाही म्हणून लुटून राहिली का तू?”

“पैसे बाईचे हायेत. बाईले इचारा.”

ओसरीवर बसलेल्या बाईंनी मान खाली घातली.

“उद्यापासून येऊ नकोस!”

शोभाताईचा चेहरा लाल झाला. पगार जाईल तो जाईल, पण चोर म्हणवून घेतल्यावर पांढुर्ण्यात दुसरं घर कोण उघडणार? तरी तिनं शपथ मोडली नाही. बाईंचा बटवा काढून त्यांच्या हातात ठेवला. “मोजून घ्या बाई.”

बाईंनी बटवा न मोजताच बाजूला ठेवला. “ऋतुजा, पानं खाल्ली मी. दोन-दोन. माझ्या पैशानं. मीच तिला तोंड उघडू दिलं नाही.”

ऋतुजा ओशाळली. ओसरीवर येऊन पुटपुटली, “चुकलं माझं, शोभाताई.”

“असं नाई,” शोभाताई म्हणाली. “चोर म्हनलं तवा साऱ्या गल्लीनं आयकलं. माफीबी तेवढ्याच आवाजात मांगा.”

ऋतुजानं आईकडे पाहिलं. आईनं अंगणाकडे बोट दाखवलं. उर्वशी अजून फाटकाशी उभीच होती. ऋतुजा अंगणात गेली, आणि मोठ्यानं म्हणाली, “चुकलं माझं, शोभाताई!”